माझ्या तोंडचे एकशे चाळीस चौकोन

अण्णा नगर, चेन्नई
(सुरुवात सोमवारी केली, संपेल त्या वाराला संपेल)

तीर्थस्वरूप अलकनंदाअक्का हिच्या चरणी कनकाचा साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी माझं सध्या एकही हलत नाही, हलतो तो उजवा गाल, आणि तो त्या यादीतच नाही. तरी नमस्कार पुऱ्या आठ अंगांचा समजून घ्यावा.) तुझे गुडघे कसे आहेत? परसातलं लिंबाचं झाड यंदा तरी धरलं का? रक्तदाबाची गोळी रोज घेतेस, की आठवड्याच्या सगळ्या गोळ्या रविवारी एकदम आठवतात? हे पत्र घेऊन आपला भाचा मुरली तुझ्या दारात आला आहे. त्याला आधी बाहेरच्या खोलीत बसव, मोठा पेला भरून कॉफी दे, आणि तू आत जाऊन वाच. वाचताना तुझा चेहरा त्याला दिसता कामा नये. का, ते शेवटी सांगते.

पत्र माझं आहे हे बघून तुला धक्का बसला असेल. बसू दे. मला गेल्या दोन महिन्यांत इतके बसले आहेत की एखादा वाटून घ्यायला हरकत नाही. चार वर्षांपूर्वी पक्षाघाताच्या झटक्यानं माझे हातपाय आणि वाचा एका सकाळीत गेली, तेव्हापासून तू दर शुक्रवारी फोन करतेस. यामिनी (मला सांभाळणारी, तू 'यार अदु', कोण ती, म्हणून दर वेळी नव्यानं विचारतेस ती) फोन माझ्या कानाला लावते. तू बोलतेस, मी ऐकते, आणि वीस मिनिटांनी तू म्हणतेस, "बरं कनका, तुझ्याशी बोलून फार बरं वाटलं." चार वर्षांचं माझं उत्तर तुंबलेलं आहे. ते आता एकदम घे.

तर यंत्र असं आहे. समोर पडदा, पडद्यावर अक्षरांच्या ओळी. एक पिवळा पट्टा ओळीओळीनं खाली उतरत असतो. हव्या त्या ओळीवर आला की मी गाल फुगवते. चष्म्याच्या दांडीला बोराएवढी एक डबी चिकटवली आहे, तिला ते कळतं. मग पट्टा त्या ओळीत आडवा चालायला लागतो, पुन्हा गाल फुगवला की अक्षर उमटतं. जांभई आली तर अक्षर चुकतं, शिंक आली तर ओळ. कंस तिसऱ्या पानावर आहे. तो उघडायला सहा वेळा गाल फुगवावा लागतो आणि मिटायला पुन्हा सहा. मुरली म्हणाला, आत्या, कंस सोडून दे. (बत्तीस वर्षं मुलींना गणित शिकवलं, कंस मी सोडणार?) शिवाय हे यंत्र पुढचा शब्द आपणहून सुचवतं. त्याचं शिक्षण पुण्याकडे झालेलं दिसतं. आपला तंजावरचा शब्द लिहायला घेतला की ते अदबीनं तिकडचा पुढे करतं, आणि चौदा वेळा गाल फुगवण्यापेक्षा मी मुकाट्यानं तो उचलते. म्हणून या पत्रात मी सदाशिव पेठेत जन्मल्यासारखी बोलते आहे. त्याचं नवल करू नकोस.

यंत्र आणलं रंजनीनं. मुरलीची बायको. सिरुसेरीला संगणकाच्या कंपनीत आहे, रोज जाऊन येऊन चार तास रस्त्यात घालवते, आणि तरी आठ रविवार बसून तिनं हे माझ्यासाठी जुळवलं. पोर गुणाची आहे हे आधी लिहून ठेवते, कारण पुढे जे सांगणार आहे ते ऐकून तू तिला नावं ठेवशील. (हा परिच्छेद गुरुवारी सुरू केला, आज शनिवार.) तिला कुणीतरी सांगितलं की अक्षरं जुळवून बोलायला फार वेळ लागतो, म्हणून रोजची वाक्यं तयार करून ठेवावीत; एका चौकोनात एक वाक्य, गाल फुगवला की यंत्र ते मोठ्यानं बोलून दाखवतं. कल्पना उत्तम. मग तिनं घरच्यांच्या ग्रुपवर लिहिलं, 'आत्या नेहमी काय काय म्हणतात, सगळ्यांनी पाठवा.' चार वर्षांत मी एक शब्द बोललेली नाही! तरी चार दिवसांत एकशे चाळीस वाक्यं जमली.

अक्का, तू मला चांगली ओळखतेस. तुझ्या लग्नात भटजींची मंत्रातली चूक भर मांडवात काढणारी मी. मुलींनी माझं नाव काय ठेवलं होतं ते तुला ठाऊक आहे आणि पत्रात लिहिण्यासारखं नाही. पण या चार वर्षांत आपल्या गोतावळ्यात सगळे म्हणायला लागले आहेत की आजारानं कनका किती गोड झाली! गोड कसली? तोंड बंद झालं. माणूस तेच, फक्त आवाज नाही. आता त्या गोड कनकाची वाक्यं ऐक. 'तुम्ही म्हणाल तसं.' 'मला काही नको, मला सगळं चालतं.' 'देव तुमचं भलं करो.' सुधींद्रानं पाठवलं, 'सुधींद्रासारखा भाऊ मिळायला सात जन्मांचं पुण्य लागतं.' त्याच्या बायकोनं, 'सुंदरीच्या हातच्या रसमला तोड नाही.' (मिठाला तोड नाही हे खरं.) समोरचे राममूर्ती पेपर वाचायला रोज आपल्याकडे येतात, त्यांनी ग्रुपवर नसतानाही चिठ्ठी पाठवली: 'राममूर्ती अण्णा, बसा ना अजून थोडा वेळ.' ज्यानं त्यानं स्वतःला जे ऐकावंसं वाटतं ते माझ्या तोंडात घातलं होतं. एकशे चाळीस चौकोनांत 'नाही' नव्हतं. 'नको' नव्हतं. 'पुरे' नव्हतं, 'गप्प बस' तर नव्हतंच. कामाचं एकच वाक्य होतं, 'पाठ खाजते आहे', आणि ते यामिनीचं. तिनं एकटीनं मला विचारून, माझ्या पापण्यांची उघडझाप मोजून ते पाठवलं होतं. मी पडद्याकडे बघतच राहिले. सगळ्यांना वाटलं, आनंदानं.

आणि आवाज! कुठल्या तरी विशीतल्या मुलीचा, मधात बुडवून काढलेला. त्या आवाजात शिवी दिली तरी समोरचा आशीर्वाद म्हणून मान लववेल.

आता मुख्य प्रसंग. रंजनीचे रोजचे चार तास वाचावेत म्हणून मुरलीनं सिरुसेरीजवळ चौदाव्या मजल्यावर घर घेतलं. सुधींद्र आणि सुंदरी त्यांच्याबरोबर जाणार. सुधींद्राची कंबर गेली आहे, मला उचलून खुर्चीत बसवणं त्याला होत नाही, हेही खरं. म्हणून माझ्यासाठी कोइमतूरच्या बाहेर वृद्धांची एक वसाहत बघितली. तिचं पुस्तक मला दाखवलं. पहिल्याच पानावर एक आजोबा सगळे दात दाखवत कॅरम खेळत होते. मी कॅरम कशानं खेळू, गालानं? यामिनी तिथे येऊ शकत नाही, तिचं घर-संसार इथे आहे. आणि या घराच्या खिडकीतून मला रस्ता दिसतो, अक्का. माझ्या विद्यार्थिनी, ज्या आता आज्या झाल्या, भाजी घेऊन जाताना फाटकाशी थांबतात, आत डोकावून "टीचर!" म्हणतात, आणि अजूनही पदर सावरतात. मला तेवढंच उरलं आहे. ते सोडून मला कुठेही जायचं नव्हतं.

आपल्या घरची रीत तू जाणतेस. वडीलधाऱ्या माणसासमोर पानसुपारीचं ताट ठेवून त्याच्या तोंडून होकार घेतल्याशिवाय कुठलंही कार्य ठरत नाही. आई गेल्यापासून या घरात वडीलधारी मी. तर एका रविवारी सकाळी माझ्यासमोर ताट आलं, देवापुढे समई लागली, सगळे बसले, राममूर्ती होतेच. सुधींद्र हात जोडून म्हणाला, "कनकाक्का, तुज सम्मत असेल तरच. सांग." मी मनात म्हटलं, सांगते बघ. पण यंत्र उघडलं की आधी तयार वाक्यांचं पान येतं, आणि अक्षरांकडे जायचा चौकोन त्या पानाच्या अगदी तळाशी, उजव्या कोपऱ्यात. पट्टा तिथवर पोचायला पाऊण मिनिट लागतं. मी श्वास रोखून वाट बघत होते. पण मला राग आला होता, आणि राग आला की माझा गाल थरथरतो. पट्टा पहिल्याच ओळीवर होता. यंत्र म्हणालं, "तुम्ही म्हणाल तसं."

सुधींद्राच्या डोळ्यांत पाणी आलं. मी हादरले. हादरल्यावर गाल पुन्हा उडाला. "देव तुमचं भलं करो." सुंदरीनं हुंदका दिला. आता माझा संताप संताप झाला, आणि जितका संताप व्हायला लागला तितकी मी गोड बोलायला लागले. "सुंदरीच्या हातच्या रसमला तोड नाही." तिनं येऊन माझे दोन्ही हात कपाळाला लावले. "सुधींद्रासारखा भाऊ मिळायला सात जन्मांचं पुण्य लागतं." तो उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. राममूर्ती डोळे पुसत घरी जायला निघाले होते, तेवढ्यात यंत्र ओरडलं, "राममूर्ती अण्णा, बसा ना अजून थोडा वेळ!" ते बसले. दुपारचं जेवूनच गेले. एकटी यामिनी दारातून सांगत होती, "अम्मा कोपमा इरुक्कांग!" अम्मा रागावल्या आहेत, त्यांचे कान बघा, लाल झालेत. सुंदरी म्हणाली, "अय्यो, कोप कसला, भरून आलंय तीस." शेवटी एकदाची मी अक्षरांच्या पानावर पोचले. न, मग काना, मग ह. 'नाही' पुरतं होऊन यंत्रानं ते म्हटलं, तेव्हा खोलीत मी, यामिनी आणि रिकामं ताट एवढेच उरलो होतो. पानं वाटून झाली होती.

याहून मोठा धक्का पुढे आहे. दुसऱ्या दिवशी सकाळभर खपून मी लिहिलं, 'मी कोइमतूरला जाणार नाही', आणि सुधींद्र समोरून जाताना यंत्राला बोलायला लावलं. तो जागच्या जागी थांबला. मला वाटलं, कळलं. त्यानं रंजनीला फोन लावला आणि सांगितलं, "यंत्र बिघडलंय. काहीतरी भलतंच बोलतंय." लक्षात आलं का तुझ्या, अक्का? लोकांनी भरलेली वाक्यं, ती कनका. आणि कनकानं एकेक अक्षर गालानं वेचून लिहिलेलं, तो बिघाड! रंजनी संध्याकाळी आली, सासऱ्यांना म्हणाली, "शब्दांचा अंदाज चुकत असेल, मामा," आणि तोवर यंत्र माझ्याकडून जे काही शिकलं होतं ते तिनं पुसून टाकलं. बिचारं नुकतंच मला 'नाही' सुचवायला लागलं होतं. मंगळवारी मी तेच वाक्य पुन्हा लिहिलं. बुधवारी दुरुस्तीला माणूस आला. त्यानं माझ्या चष्म्यावरची डबी हलवून बघितली आणि माझ्यादेखत सुधींद्राला विचारलं, "या नेहमी अशाच बोलतात का?" सुधींद्र म्हणाला, "छे हो. ती फार गोड आहे."

मी ठरवलं, आता सिद्धता द्यायची. विधान पुरेसं नाही, सिद्धता हवी, हे मी बत्तीस वर्षं फळ्यावर लिहीत आले. गुरुवार आणि शुक्रवार खर्च केले. शनिवारी पुन्हा सगळे जमले होते: सुधींद्र, सुंदरी, मुरली, रंजनी, दुसऱ्यांदा आलेला दुरुस्तीवाला, आणि पेपर घेऊन राममूर्ती. यंत्र त्या मधाळ आवाजात म्हणालं, "सुधींद्रा, नववीच्या सहामाहीत तुला गणितात अकरा मार्क होते. प्रगतिपुस्तकावर बाबांची सही मी केली होती. हे यंत्राला कुणी सांगितलं?"

 सुधींद्र तीस वर्षं बँकेत लोकांच्या सह्या ताडून बघत होता, अक्का. एक वेलांटी कमीजास्त दिसली की चेक परत. त्याच्या तोंडाचा जो रंग उडाला तो मी जन्मभर विसरणार नाही. मुरलीनं बापाकडे असं बघितलं, जणू आपल्या सगळ्या प्रगतिपुस्तकांचा हिशेब आज चुकता झाला. सुंदरी म्हणाली, "अकरा?" राममूर्तींनी पहिल्यांदा स्वतःहून पेपरची घडी केली. मग सुधींद्र माझ्या खुर्चीजवळ स्टुलावर येऊन बसला आणि म्हणाला, "अक्का, तू आत आहेस." आणि रडला. मग म्हणाला, "सांग, तुला काय हवं." आणि विचारून गप्प बसला. कुणी उठलं नाही. मी उत्तर लिहीत होते, पिवळा पट्टा खाली उतरत होता, बावीस मिनिटं. माझं बोलणं संपेपर्यंत सगळे थांबले, असा चार वर्षांतला तो पहिला दिवस. मला रडू आलं, आणि रडताना गाल हलून तीन अक्षरं वाया गेली. उत्तर एवढंच होतं: 'इथेच राहीन. यामिनी येईल.'

पानं परत ताटात आली. वाक्यांचं ते पान रंजनीनं माझ्यासमोर बसून पुसलं. पोरीची मान वर होईना. आता पहिला चौकोन 'नाही', दुसरा 'पुरे', तिसरा 'पाठ खाजते आहे'. राममूर्तींचा चौकोन ठेवला, वाक्य बदललं: 'राममूर्ती अण्णा, घरी तुमची जेवायला वाट बघत असतील.' (आवाज गोड असल्यामुळे त्यांना ती काळजी वाटते. ते आणखी अर्धा तास बसतात.)

पण एक अडचण उरली. यामिनी दिवसा असते, संध्याकाळी घरी जाते. सुधींद्र म्हणाला, आपलं माणूस कुणीतरी घरात हवं, नाहीतर आम्हीही जात नाही. त्यानं ते मनापासून म्हटलं. पण मी तेव्हा रंजनीकडे बघत होते. ती 'मला चालेल' असा चेहरा करून उभी राहिली. तो चेहरा मला आता लांबून ओळखू येतो. माझ्यासाठी तिनं जन्मभर रोज चार तास रस्त्यात काढावेत हेही मला नको आहे.

असो. गाल दुखायला लागला. मोठ्यांना नमस्कार म्हणावा तर तुझ्या घरात तूच मोठी, आणि लहानांना आशीर्वाद म्हणावा तर लहानही तूच. दोन्ही एकटीनं घे.

तुझी (गोड नसलेली)
कनका

ता. क. : मुरली नुसतं पत्र द्यायला आलेला नाही. त्याच्या पिशवीत पानसुपारी आहे आणि गाडीत मागची जागा रिकामी आहे. तो तुला न्यायला आला आहे. त्याचं झालं असं की गेल्या शुक्रवारी तू फोनवर गुडघे आणि नारळवाला यांच्याबद्दल बोललीस, आणि फोन ठेवल्यावर मी सुधींद्राला यंत्रावरून सांगितलं, 'अलकनंदाअक्का माझ्याजवळ राहायला येते म्हणाली.' फोन माझ्या कानाला होता, दुसऱ्या कुणी ऐकलेलं नाही. तो तुला लगेच फोन करून विचारणार होता. मी म्हटलं, वडीलधाऱ्यांना असं फोनवर विचारतात का? ताट घेऊन जायचं असतं. रीत ती रीत. तर तू होकार दिलेला आहेस, आणि तो तुला आत्ताच कळतो आहे हे तुझ्या चेहऱ्यावरून मुरलीला कळता कामा नये.

ता. क. २ : होय, एकशे चाळीस चौकोनांवर एवढा थयथयाट करून मी तुझ्या तोंडात वाक्य घातलं. लाज वाटते आहे. पण किती, ते लिहायला आणखी एक दिवस लागेल आणि मुरली बूट घालून उभा आहे. आयुष्यात खोटी सही दोनदा केली. पहिली सुधींद्रासाठी, दुसरी माझ्यासाठी. पण अक्का, चार वर्षं दर शुक्रवारी तू म्हणतेस, "माझं काय, माझं ठीक चाललंय." तुझा मुलगा ऑस्ट्रेलियातून विचारतो तेव्हाही हेच म्हणत असशील. ते वाक्य कसल्या पानावरून उचललेलं असतं हे मला आता कळतं. तुला यायचं नसेल तर मुरलीला सरळ 'नाही' म्हण. मी मानीन, त्या शब्दाला किती किंमत पडते ते आपल्या घरात मला एकटीला ठाऊक आहे. यायचं असेल तर काहीच म्हणू नकोस, नुसती साडी बदल. पडद्यावर एक चौकोन रिकामा ठेवला आहे. त्यात काय घालायचं ते तू सांगायचं, मी गाल फुगवीन.

ता. क. ३ : एवढ्यात मुरलीची कॉफी संपली असेल. गुडघ्याचं तेल विसरू नकोस.